रंगावर जाऊ नये

रंग हे ओळखीचे पहिले साधन, आणि फसगतीचेही पहिलेच. चोखोबांनी उसाचा दाखला देऊन ही गोष्ट सातशे वर्षांपूर्वी सांगून ठेवली. ती आपण भजनात ऐकतो, माना डोलावतो, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात लालबुंद टोमॅटो बघून पुन्हा फसतो. टोमॅटोने फसवले तर फार तर पाच-पन्नास रुपयांवर पाणी सोडावे लागते. मोटारीत नवा रेडिओ बसवताना डॅशबोर्डमागच्या वायरींनी फसवले, तर मात्र बॅटरी जाते, रेडिओ जातो, आणि ग्रह फारच वक्री असतील तर मोटारही जाते. दिवाळीत घरोघर नव्या वस्तू येतात. त्यांत हा मोटारीतला गाणारा डबाही असतो. कोणी त्याला स्टिरिओ म्हणतो, कोणी डेक, आणि जुनी मंडळी अजून 'टेप' म्हणतात. फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढलेली कॅसेट मोटारीतून केव्हाच हद्दपार झाली. नाव तेवढे मागे राहिले. असो. यंदाच्या दिवाळी अंकात आपल्या या सदराचा विषय हा डबा आणि त्याच्या पाठीमागचे वायरींचे जंजाळ.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या टापूत मोटार हे चालण्याचे जितके, तितकेच उभे राहण्याचे वाहन आहे. घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर काटई नाक्याच्या अलीकडे अडकलेल्या माणसाने गाणे ऐकू नये तर काय करावे? इथल्या मोटारीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. सोमवार ते शनिवार मालक लोकलच्या दारात लोंबकळत मुंबई गाठतो, आणि मोटार सोसायटीच्या आवारात धूळ खात, कावळ्यांचा प्रसाद घेत उभी असते. तिचा खरा वार रविवार. ही सहा दिवसांची विश्रांती वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

मोटारीत रेडिओ बसवण्याचा खटाटोप तसा जुना. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला आणि 'मोटर'ला 'ओला' हे शेपूट जोडून त्याचे नाव 'मोटोरोला' ठेवले. पुढे जर्मनांनी रेडिओच्या खणाचे माप ठरवून टाकले: रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५०. आपल्याकडचे दुकानदार 'सिंगल डिन', 'डबल डिन' म्हणतात ते याच मापाला. 'डिन' ही त्या जर्मन मानक संस्थेच्या नावाची आद्याक्षरे. डबल डिन म्हणजे उंची दुप्पट, शंभर मिलिमीटर. खण असा जगभर एकसारखा झाला. त्या खणाच्या मागे लोंबणाऱ्या वायरींवर मात्र जगाचे एकमत झाले नाही, आणि सगळी रड तिथेच आहे.

आधी आपल्या घरातली वीज घ्या. तांबडी वायर जिवंत, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंगची. हे धडे मनात पक्के असलेला गृहस्थ बाजारातून नवा डेक आणतो आणि त्याच्या मागची जुडी उलगडतो, तर तिथे निराळेच राज्य! बाजारी डेकच्या सर्वसाधारण रिवाजाप्रमाणे पिवळी वायर अष्टौप्रहर जिवंत हवी. तिच्यावर डेकची स्मरणशक्ती आणि घड्याळ चालते. तांबडी जिवंत हवी ती फक्त किल्ली फिरवल्यावर. काळी म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायचे अर्थिंग. नारिंगी असेल तर ती रात्री दिवे लावल्यावर डेकचा उजेड कमी करण्यासाठी. निळी एरियलसाठी, पांढरा पट्टा असलेली निळी वेगळ्या अँप्लिफायरला जागे करण्यासाठी. उरल्या स्पीकरच्या चार जोड्या: पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची, आणि प्रत्येकीची काळ्या पट्ट्याची जोडीदारीण ही त्या स्पीकरची निगेटिव्ह. घरात तांबडी सदैव जिवंत, इथे ती किल्लीच्या इशाऱ्यावर जगणारी. घरच्या विजेचे काम करणाऱ्या मिस्त्रीला मोटारीच्या डेकला हात लावू देऊ नये, असे जे म्हणतात ते उगीच नव्हे.

पण ही झाली डेकच्या बाजूची भाषा. गाडीच्या बाजूने ज्या वायरी येतात त्यांची बोली निराळी, आणि ती गाडीच्या कुळावर अवलंबून. जुन्या ब्रिटिश पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे थेट बॅटरीतून आलेली, सतत जिवंत. पांढरी म्हणजे किल्लीनंतर जिवंत होणारी. काळी म्हणजे अर्थिंग. जर्मन पद्धतीत बघावे तर तपकिरी हीच अर्थिंगची, तांबडी बॅटरीची, आणि काळी किल्लीनंतरची जिवंत! म्हणजे लंडनकडच्या वळणाच्या गाडीवर हात बसलेला मिस्त्री बर्लिनकडच्या वळणाच्या गाडीत गेला, की त्याच्या दृष्टीने मेलेली वायर जिवंत निघते आणि जिवंत ती मेलेली. आपल्याकडे हे नमुने एकाच रस्त्यावर नांदत आले. अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डची लेक. कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी इटलीच्या फियाटची. डोंबिवलीतल्या प्रीमियरच्या कारखान्यात १९९४ पासून काही वर्षे फ्रान्सच्या प्यूजो ३०९ गाडीची जुळणी होत असे. त्याआधी, १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० निघाली, ती जपानच्या सुझुकीची. इतक्या माहेरांच्या लेकी एका सासरी आल्यावर एकच शब्द प्रत्येकीच्या तोंडी निराळ्या अर्थाने यावा, यात नवल काय?

भाषेच्या माणसाला हा प्रकार नवा नाही. 'शिक्षा' हा शब्द मराठीत ऐकला की मूल घाबरते. हिंदीत तोच शब्द त्याला शाळेत नेतो. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्नाची, मराठीत टवाळीची. अक्षरे तीच, उच्चार तोच, आणि अर्थाचे हे अंतर. शब्दाचा अर्थ त्याच्या चेहऱ्यावरून ठरत नाही. तो वाक्यात कसा वागतो त्यावरून ठरतो. वायरीचेही तसेच. तिचा रंग ही ऐकीव बातमी. ती कोणत्या वेळी जिवंत असते आणि कोणत्या वेळी नसते, हा पुरावा.

त्यातून गाडी जुनी, दोन-तीन हातांखालून गेलेली असेल, तर ऐकीव बातमीलाही अर्थ उरत नाही. आधीच्या कोणी मिस्त्रीने तिथे डेक बसवलेला असतो, त्याच्या आधी दुसऱ्याने. मूळचा प्लग कापलेला असतो, आणि हाताशी ज्या रंगाची वायर होती ती जोडून वर टेप गुंडाळलेली असते. जुन्या पोथ्यांचे असेच होते. नकलणारा प्रत्येक जण एखादी ओवी आपल्या पदरची घालतो, आणि चार पिढ्यांनी मूळ पाठ कोणता आणि भर कोणती हे कळेनासे होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि आपल्या पदरची ओवी तीत कोणी मिसळू नये अशी ताकीदही दिली. डॅशबोर्डमागे असा कोणी एकनाथ बसत नाही. तिथे ज्याने त्याने आपली ओवी घातलेली असते.

आमच्या शेजारच्या गृहस्थांनी गेल्या वर्षी एक जुनी गाडी घेतली, आणि एका दुकानातून तिच्यात नवा डेक बसवून आणला. गाणे उत्तम वाजे. मात्र दर रविवारी सकाळी, कुटुंब नटून-थटून टिटवाळ्याच्या गणपतीला निघावे आणि गाडीने 'टक्' एवढाच आवाज करून गप्प राहावे. त्यांनी बॅटरी बदलली. पुढच्या रविवारी पुन्हा 'टक्'. शेवटी कल्याणचा एक वयस्क मिस्त्री आला. शेजाऱ्यांनी त्याला वायरींचे रंग पाठ म्हणून दाखवले. तो म्हणाला, "काका, रंग राहू द्या. किल्ली काढून माझ्याकडे द्या." किल्ली खिशात ठेवून त्याने मीटर लावला. डेकची पिवळी आणि तांबडी, दोन्ही वायरी एकाच सतत जिवंत वायरीला एकत्र पिळलेल्या निघाल्या. किल्ली काढली तरी डेकला वाटे, मालक गाडीतच आहेत. पडदा काळा, पण पोटात सारे जागे!

इथे थोडे गणित करू. लहान मोटारीची बॅटरी सुमारे ३५ अँपिअर-तासांची धरा. झोपलेला डेक स्मरणशक्तीपुरते काही सहस्रांश अँपिअर खातो. त्यावर बॅटरी महिनोन् महिने टिकेल. पण जागा राहिलेला डेक अर्धा अँपिअर खाऊ लागला, तर ७० तासांत, म्हणजे तीन दिवसांच्या आतच, बॅटरी रिकामी. रोज गाडी चालवणाऱ्याची बॅटरी रोज भरते, त्याला हा रोग कळतही नाही. लोकलने जाणाऱ्या डोंबिवलीकराची गाडी सहा दिवस उभी. त्याच्या रविवारावर मात्र घाला येतो. याच्या उलट, पिवळी आणि तांबडी यांची अदलाबदल झाली तर बॅटरी वाचते, पण किल्ली काढली की डेकला मागचे काही आठवत नाही. घड्याळ शून्यावर आणि लावून ठेवलेली स्टेशने गायब. ज्यांचा डेक रोज असा नव्याने जन्म घेतो, त्यांनी या दोन वायरी प्रथम तपासाव्यात.

आता ओळख पटवण्याची रीत. हत्यार एकच मुख्य: डिजिटल मल्टिमीटर. दिव्याचा टेस्टर जुन्या गाडीला चालतो, पण तो दिवा स्वतः वीज खातो. नव्या गाड्यांतल्या नाजूक इलेक्ट्रॉनिक वायरींवर तो लावू नये. पहिले काम, दहाचा पाना घेऊन बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवावे. निगेटिव्हच आधी, याला कारण आहे. हल्लीच्या गाड्यांत सारा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्ह सोडवताना पाना पत्र्याला टेकला तर ठिणग्यांची दिवाळी. निगेटिव्ह सोडवताना टेकला तर काहीच होत नाही. (१९५०च्या दशकातल्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत उलट, पॉझिटिव्ह टोकच पत्र्याला जोडलेले असे. अशी जुनी गाडी कोणी जपली असेल तर त्याने हे आधी बघावे.) मग गाडीच्या बाजूची प्रत्येक उघडी वायर वेगवेगळ्या टेपने झाकावी आणि प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी लावून १, २, ३ असे आकडे द्यावेत. नाव अजून द्यायचे नाही. बारसे गुण कळल्यावर.

बॅटरी सुटलेली असतानाच अर्थिंग शोधावे. मीटर ओहमवर ठेवून एक टोक गाडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या पत्र्याला आणि दुसरे वायरीला लावावे. जिथे आकडा शून्याच्या जवळ येईल ती अर्थिंगची, असे वाटेल. पण घाई नको. डॅशबोर्डच्या दिव्यांची वायरही बंद असताना आपल्या बल्बांमधून पत्र्याशी जोडलेली असते, आणि तीही थोडेच ओहम दाखवते. हा बहुरूपी पुष्कळांना फसवतो. त्याला अर्थिंग समजून डेकची काळी वायर जोडली, तर दिवसा निभावून जाते. रात्री पार्किंगचे दिवे लावले की त्याच वायरीत बारा व्होल्ट येतात, आणि डेकचा पत्रा एरियलच्या वाटेने आधीच गाडीच्या पत्र्याला टेकलेला असतो. फ्यूज उडतो. अनेक गाड्यांत मागचे तांबडे दिवेही त्याच फ्यूजवर असतात. म्हणजे शीळ रस्त्यावर, काळोखात, मागून भरधाव येणाऱ्या ट्रकच्या दृष्टीने तुमची मोटार अस्तित्वातच नाही. एका वायरीची ओळख चुकली, तर गोष्ट गाण्यापाशी थांबत नाही ती अशी.

म्हणून दुसरी परीक्षा. सर्व टोके एकमेकांना लागत नाहीत याची खात्री करून बॅटरी पुन्हा जोडावी, मीटर वीस व्होल्टच्या डी.सी. घरात ठेवावा, काळे टोक पत्र्याला आणि तांबडे टोक एकेका वायरीला. प्रत्येक वायरीची साक्ष चार वेळा काढावी: किल्ली काढलेली असताना, किल्ली पहिल्या टप्प्यावर असताना, किल्ली पुढच्या टप्प्यावर असताना, आणि किल्ली काढून पार्किंगचे दिवे लावलेले असताना. चारही वेळा साडेबाराच्या आसपास व्होल्ट दाखवणारी ती सतत जिवंत. तिला डेकची पिवळी. किल्लीच्या पहिल्या टप्प्याला जागी होणारी आणि किल्ली काढताच झोपणारी, तिला डेकची तांबडी. हिची आणखी एक खूण अशी, की बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू होण्याच्या क्षणी ती जरा डोळे मिटते. फक्त दिव्यांबरोबर जागी होणारी, आणि डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करण्याची सोय असेल तर तीप्रमाणे वर-खाली होणारी, ती नारिंगीची सोबतीण. आणि कधीच व्होल्ट न दाखवणारी, पण ओहमवर जवळजवळ शून्य राहणारी, ती खरी अर्थिंगची. चारही साक्षी कागदावर लिहून घ्याव्यात. अध्यापकाचा हा आग्रह समजा, पण डोक्यातली नोंद आणि कागदावरची नोंद यांत वायरीच्या बाबतीत फार फरक पडतो.

स्पीकरच्या वायरी जोडीने राहतात. चार ओहमच्या स्पीकरची जोडी मीटरवर तीन-चार ओहम दाखवते, आणि तिच्यापैकी एकही पत्र्याशी जोडलेली दिसत नाही. कोणती जोडी कोणत्या दारात हे कळायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरे. गाडीचा आधीचा डेक सोडवल्यावर जोडीला सेल क्षणभर टेकवावा. जिथून 'खट्ट' ऐकू येईल तो तिचा स्पीकर. त्याचा पडदा बाहेर सरकला तर सेलच्या पॉझिटिव्हला जी वायर ती स्पीकरची पॉझिटिव्ह. एक स्पीकर उलटा जोडला तर काही जळत नाही, पण दोन्ही पडदे एकमेकांविरुद्ध ढकलाढकली करतात आणि तबल्याचा डग्गा पार हरवतो. कंपनीने वेगळा अँप्लिफायर बसवला असेल तर मात्र सेलचा प्रयोग करू नये. आणि जुन्या काळी चालायचे म्हणून स्पीकरची निगेटिव्ह पत्र्याला कधीही जोडू नये. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींत वीज असते, आणि ती पत्र्याला लागली की डेक कायमचा मुका होतो.

काही वायरींना मात्र प्रश्नही विचारू नये. स्टिअरिंगच्या आसपास पिवळ्या आवरणातल्या वायरी किंवा पिवळे प्लग दिसले, तर ते एअरबॅगचे. डेकची पिवळी निराळी, ही पिवळी निराळी! हिला मीटर, टेस्टर, सेल काहीही लावू नये. चुकीच्या क्षणी उघडलेली एअरबॅग माणसाला गंभीर इजा करते. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन बारीक वायरी दिसल्या तर त्या बहुधा गाडीतल्या संगणकांच्या आपापसांतल्या बोलण्याच्या. त्यांच्या संभाषणात आपण तोंड घालू नये. आणि सगळी परीक्षा होऊनही एखादी वायर ओळख देत नसेल, तर तिचे टोक नीट झाकून तिला बाजूला ठेवावे. 'बहुतेक हीच असेल' या शब्दांनी जितके फ्यूज उडाले असतील, तितके विजेने उडाले नसतील.

ओळख पटल्यावर जोडणी. गाडीचा मूळ प्लग शक्यतो कापू नये. उल्हासनगरात काय, ठाण्यात काय, पुष्कळ गाड्यांचे कपलर मिळतात. एका बाजूला गाडीचा प्लग बसतो, दुसऱ्या बाजूला डेकचा. तरी कपलर लावल्यावरही मीटर एकदा फिरवावा. आंतरराष्ट्रीय मापाच्या प्लगात चौथी पिन सतत जिवंत आणि सातवी किल्लीची, असा नियम असताना काही युरोपी गाड्यांत या दोघींची अदलाबदल केलेली असते. कापणे अटळच असेल, तर जोड सोल्डर करून किंवा पक्का दाबून त्यावर स्लीव्ह चढवावी. नुसती पिळून टेप लावलेली वायर आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेपचा डिंक सोडते आणि पावसाळ्यात तांब्यावर हिरवा गंज चढवते.

आणि फ्यूज. पिवळ्या वायरीवरचा दहा किंवा पंधरा अँपिअरचा फ्यूज काढून तिथे तार घालणारा मिस्त्री भेटला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. फ्यूज डेकसाठी नसतो, वायरीसाठी असतो. बारा व्होल्टचा माणसाला झटका बसत नाही, म्हणून लोक बेफिकीर होतात. पण पत्र्याला टेकलेल्या वायरीतून दोनशे अँपिअर गेले, तर ती चोवीसशे वॅटची आच झाली. आपल्या न्हाणीघरातल्या गिझरएवढी आच एका बारीक वायरीत, गालिचा आणि प्लॅस्टिक यांच्या सान्निध्यात! फ्यूज असेल तर पळभरात संपणारी गोष्ट, नसेल तर अग्निशमन दलाची.

सगळे जोडून डॅशबोर्ड बंद करण्याआधी एक काम उरते, आणि ते हटकून राहते. आपण काढलेल्या साक्षींचा कागद गाडीच्या पुस्तकात ठेवावा: कोणत्या रंगाची वायर कोणत्या वेळी जिवंत, कोणती कशाला जोडली, कोणती न ओळखता झाकून ठेवली. गाडी आज ना उद्या दुसऱ्याच्या हाती जाणार. तो दुसरा माणूस, किंवा त्याचा मिस्त्री, एके दिवशी तिथेच डोके घालून बसेल आणि रंगांकडे बघून अंदाज बांधू लागेल. त्याच्या हाती तो कागद पडला, तर त्याचा रविवार वाचेल, आणि कदाचित गाडीही. पण त्या कागदावरही त्याने डोळे मिटून विश्वास ठेवू नये. मीटर एकदा लावून बघावाच.